वेळेआधी मिटलेली मूठ

वाचकहो,

पुढील पानांत जे संभाषण येत आहे, ते मी माझ्या पदरचे एक अक्षरही न घालता आपल्यापुढे सादर करीत आहे, असे गांभीर्यपूर्वक जाहीर करतो. यात तीन माणसे बोलतात. पहिले गृहस्थ गोदीत क्रेन चालवतात. दुसरा त्यांच्या पत्नीचा भाऊ. तो खाली जमिनीवर उभा राहून हाताच्या खुणांनी त्यांना ओझे कोठे न्यावे व कोठे थांबवावे हे दाखवतो, आणि त्यांना भावोजी म्हणतो. तिसऱ्या एक संशोधिका आहेत. विस्मरणाच्या पहिल्या पायरीवर आलेल्या माणसांचा निर्णय आणि त्यांची हालचाल यांचा त्या अभ्यास करतात. संभाषण त्यांच्याच खोलीत, भर दुपारी घडले, आणि त्या दुसऱ्या माणसाने ते मला पुढे शब्दशः सांगितले. भीतीचे वर्णन लेखकाने करण्यापेक्षा ती ज्यांना वाटली त्यांच्याच तोंडून ऐकणे मला अधिक उचित वाटते.

———

संशोधिका: ...आणि तांबडा दिवा लागला, तर हात जिथे असेल तिथेच थांबवायचा. मागे आणायचा नाही, पुढे न्यायचा नाही. एवढंच, काका.

भावोजी: एवढंच म्हणता, आणि डोक्याला पट्टा, डोळ्याला हा जाडजूड चष्मा, मनगटाला वायर. एवढंच नसतं तर काय केलं असतंत, बाई? उलटं टांगलं असतंत?

मेहुणा: भावोजी, नीट ऐकून घ्या जरा.

भावोजी: ऐकतोय की. बायकोचा भाऊ बरोबर आणला की बायकोची उणीव भासत नाही. हे घाला तुमच्या संशोधनात.

संशोधिका: घालते. आता पुन्हा सांगते. उजव्या हातात हा दांडा. समोर दोन दिवे, एक डावीकडे, एक उजवीकडे. जो जास्त उजळेल त्याच्याकडे दांडा न्यायचा. कधी फरक ठळक असेल, कधी इतका थोडा की तुम्हाला विचारात पाडेल. आणि मधेच कधीतरी तांबडा लागेल.

भावोजी: की थांबायचं. बाई, मी जन्मभर दुसरं केलंय काय? हा खालून मूठ मिटतो, मी वर थांबतो. माझं लग्न झालं त्याच्या आधीपासून हा माझ्यापुढे मुठी मिटतोय. यानेच माझं थांबणं पाहून बहिणीसाठी मला पसंत केलं.

मेहुणा: पसंत आईने केलं. मी नको म्हणत होतो.

भावोजी: पाहिलंत? पण एक विचारतो. यातून तुम्हाला कळणार काय? मी विसरतो म्हणून डॉक्टरांनी इकडे धाडलं. माझी आठवण काय दांड्यात आहे?

संशोधिका: आठवण मी बघत नाही. मी बघते ते वेगळं. माणसाचा निर्णय आधी मनात पुरा होतो आणि मग हात हलतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हात निघतो तेव्हा मन अजून तोलतच असतं. मन मधेच फिरलं, तर हाताची वाट वाकते. ती वाक या पडद्यावर उमटते. ज्यांचं विसरणं नुकतंच सुरू झालंय, त्यांची वाट कशी वाकते आणि निघालेला हात थांबवणं त्यांना किती जड जातं, ते समजून घ्यायचंय. आम्हालाही ते अजून पुरतं माहीत नाही.

भावोजी: डॉक्टरांनी त्याला नाव सांगितलं होतं. सौम्य बोधनक्षय. मी म्हटलं, सौम्य तर साबणाच्या वेष्टनावरही लिहिलेलं असतं. डोळ्यात गेला की झोंबायचा तो झोंबतोच.

मेहुणा: बाई, मी विचारणार होतो, याचा निकाल तुम्ही आमच्या कामावर कळवता का?

संशोधिका: नाही. या खोलीत जे दिसतं ते या खोलीतच राहतं. तसं वचन आम्ही देतो. ही परीक्षा नाही. इथे कुणी पास नाही, नापास नाही.

मेहुणा: कुणालाच नाही कळवत? फोरमनलाही?

संशोधिका: कुणालाच नाही.

भावोजी: ऐकलंस? आता टाक सुटकेचा श्वास. बाई, हा चार दिवस तोंड पाडून फिरतोय. सोमवारी याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदूचं, आणि काळजी करतोय माझ्या डोक्याची. चला, लावा तुमचे दिवे.

संशोधिका: मामा, तुम्ही त्या खुर्चीवर बसा, माझ्या टेबलाजवळ. बोलायचं मात्र नाही. तयार, काका? सुरू करते... छान... पुढचा... बरोबर... हा अवघड होता, तरी बरोबर... तांबडा. थांबलात. अगदी जागच्या जागी.

भावोजी: मग?

संशोधिका: बोलू नका, हात हलतो. पुढचा... बरोबर... तांबडा... हेही... काका, जरा थांबू या.

भावोजी: का? दमलात? मी अजून शिफ्टभर करीन.

संशोधिका: दमले नाही. विचारात पडले. तुमच्या हाताची वाट सरळ रेघेसारखी आहे. कुठेही वाक नाही. फरक कळू नये इतका थोडा असतो, तिथेसुद्धा नाही. आणि तांबड्याला तुम्ही... माझ्याकडे धडधाकट तरुण येऊन गेले, खेळाडू येऊन गेले. तांबडा लागायच्या आधी थांबणारं कुणी मी अजून पाहिलं नव्हतं.

भावोजी: आधी?

संशोधिका: किंचित आधी. डोळ्यांचा मेळ कसा बसतो ते बघते. या चष्म्यात एक कॅमेरा आहे, तुमची नजर कुठे आहे ते तो टिपतो. हे बघा. हे दोन दिवे. तुमची नजर यांच्यावर असायला हवी. ती तर सगळा वेळ इथे आहे, उजवीकडे, खाली. तिथे काय आहे?

भावोजी: तिथे? तिथे हा बसलाय.

संशोधिका: मामा, तुम्हाला तिथून माझा पडदा दिसतो का?

मेहुणा: मोठ्या अक्षरातलं दिसतं. पुढचा दिवा कुठला येणार ते आधी त्याच्यावर येतं. बाणासारखं.

संशोधिका: ही चूक माझी. खुर्ची तिथे ठेवायलाच नको होती. तुमचे हात कुठे होते?

मेहुणा: मांडीवर. कुठे असणार?

संशोधिका: या खोलीतला कॅमेरा तुमच्यावरही होता. बघा. हा डाव्या दिव्याचा बाण आला. हे तुमचं बोट. हा उजवा. हे बोट. आणि हा तांबडा यायचाय, अजून आलेला नाही, आणि ही तुमची मूठ.

मेहुणा: हा माझाच हात आहे?

भावोजी: वा रे पठ्ठ्या. कॉपी पुरवलीस मला. शाळेत तू माझ्या बाकावर असतास, तर मी आज फोरमन असतो.

मेहुणा: बाई, मी ठरवून केलं नाही. देवाशपथ सांगतो, मला पत्तासुद्धा नव्हता. ते बाण दिसले आणि... मी पुढे बसलो की यांना दाखवायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक आहे.

संशोधिका: मी रागावले नाही. उलट, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पण आतापर्यंतचं मोजमाप धरता येणार नाही. काका, पुन्हा करू या का? मामांना तुमच्या पाठीमागे बसवते.

मेहुणा: मी बाहेरच जातो.

भावोजी: बाहेर कशाला? बस मागे. नाहीतर घरी जाऊन सांगशील, भावोजींना एकट्याला यंत्रापाशी सोडून आलो. लावा, बाई.

संशोधिका: लावते... उजवा. बरोबर... डावा. बरोबर, थोडा वळसा पडला, चालेल... डावा... इथे हात आधी उजवीकडे निघाला होता, मग फिरलात. ठीक आहे, हेच मला बघायचं असतं... पुढचा.

भावोजी: तांबडा. थांबलो. हे लगेच दिसलं मला. आता तर याने बोटसुद्धा हलवलं नाही. लिहा.

संशोधिका: काका, दांडा बघा.

भावोजी: काय बघू? थांबलो ना मी.

संशोधिका: दांडा टोकाला गेलाय.

भावोजी: तो तुमच्या यंत्राने नेला असेल.

संशोधिका: यंत्र दांड्याला ढकलत नाही. तो फक्त तुमच्या हाताने जातो.

भावोजी: पुन्हा घ्या. हातातून निसटला असेल. घामाने.

संशोधिका: घेते. श्वास घ्या... उजवा... डावा...

भावोजी: तांबडा. आता थांबलो. आता खात्रीने थांबलो.

संशोधिका: काका.

भावोजी: मेहुण्या, तू मागून पाहिलंस. थांबलो ना?

मेहुणा: दांडा टोकाला आहे, भावोजी.

भावोजी: पण मला कळलं होतं. तांबडा लागला हे कळलं, थांबायचं हे कळलं, आणि मी थांबलो हेही... हात थांबतो तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे, बाई. तसंच वाटलं. तसूभर कमी नाही.

संशोधिका: तुम्हाला वाटलं ते खोटं नाही. तांबडा दिसला, थांबायचं ठरलं, सगळं झालं. पण ठरलेलं हातापर्यंत पोचेस्तोवर हात पुढे गेलेला होता. आणि मनाने मात्र 'थांबलो' असं धरलं. काही जणांत असं होताना आम्ही पाहतो. का होतं ते अजून नीट सांगता येत नाही. आणि एका दुपारच्या प्रयोगावरून तुमच्याबद्दल निकाल द्यायचा अधिकार मला नाही. यंत्र नवं आहे, खोली नवी आहे. माणूस बावरतो.

भावोजी: हेच म्हणतोय मी. नवं यंत्र. माझ्या केबिनमधला दांडा बघा, माझ्या मुठीचा आकार आलाय त्याला. तिथे असं नाही होत.

मेहुणा: भावोजी, तिथेही होतं.

भावोजी: काय होतं?

मेहुणा: हेच.

भावोजी: कधी?

मेहुणा: तो मोठा पंप उतरवत होतो आपण, बोटीवरचा, निळा. मी मूठ मिटली.

भावोजी: आणि मी थांबवला. आठवतं मला. सगळंच विसरत नाही मी. तुझा पाय घसरला, तू पडलास, गुडघा सोललास.

मेहुणा: पाय घसरला नाही. तुम्ही थांबवला नाही, तो येत राहिला. मी उडी मारली.

भावोजी: तू घरी सांगितलंस पाय घसरला म्हणून.

मेहुणा: सांगितलं.

भावोजी: तुझ्या बहिणीने तुझा गुडघा शेकला. मी शेजारी बसून हसत होतो, म्हातारा झालास म्हणून.

मेहुणा: मीही हसलो होतो.

भावोजी: अरे, मग नंतर एवढी ओझी उतरवली आपण. एक चुकलं नाही. फोरमनने पाठ थोपटली त्या दिवशी. मला जर थांबवता येत नसतं, तर ती जागच्या जागी कशी बसली?

मेहुणा: मी मूठ आधी मिटतो.

भावोजी: म्हणजे?

मेहुणा: ओझं पुरुषभर उंच असतानाच मिटतो. तुम्ही थांबवायला घेता, ते येत येत बरोबर जमिनीला लागतं. वरून तुम्हाला वाटतं तुम्ही थांबवलं.

संशोधिका: आणि तुमच्याखेरीज हे कुणाला माहीत आहे?

मेहुणा: कुणाला नाही. ओझं अंगावर येऊ नये म्हणून तर मी लांब उभा राहतो.

भावोजी: मी म्हणायचो, याला डोळ्याने दिसत नाही आणि हा आणखी लांब जातोय. उरफाटा कारभार.

मेहुणा: साखळी अडकवणाऱ्यांनाही लांब ठेवतो. उगीच खेकसतो त्यांच्यावर. जवळ आले की अंगावर जातो. ते मला पाठीमागे खडूस म्हणतात. म्हणू देत. आणि सकाळचं पहिलं ओझं मी रोज मोकळ्या जागेत उतरवायला लावतो.

भावोजी: क्रेन तपासायला.

मेहुणा: तुम्हाला तपासायला. आज किती लवकर मिटायची ते कळावं म्हणून.

भावोजी: रोज बघावं लागतं?

मेहुणा: रोज वेगळं असतं.

भावोजी: कमी-जास्त?

मेहुणा: कमी नाही होत.

संशोधिका: काका, पाणी घ्या.

भावोजी: पाणी नको. रस्ता ओलांडताना हल्ली माझा दंड धरतोस, तेही यासाठीच? मला वाटलं, उतारवयात मेहुण्याला माया सुटली.

मेहुणा: त्या दिवशी गाडी येताना तुम्हाला दिसली होती. 'थांब, गाडी येतेय' असं मलाच म्हणालात, आणि म्हणता म्हणता चालत राहिलात. मी मागून शर्ट ओढला. त्याचं बटण तुटलं. ताई म्हणाली, लहान पोरांसारखे कुठे झोंबाझोंबी करता.

भावोजी: तुझ्या बहिणीला ठाऊक आहे?

मेहुणा: नाही. तिला सांगायचं म्हणजे... तुम्ही मला या गोदीत लावलंत. मी तिला काय सांगू, तुझ्या नवऱ्याला वरून खाली उतरव म्हणून?

भावोजी: मग मला इथे कशाला आणलंस? डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं म्हणाला होतास.

मेहुणा: डॉक्टरांनी सांगितलं हे खरंच आहे. पण मला वाटलं, यंत्र सांगेल. मला सांगता येत नव्हतं. आणि सोमवारी मी ऑपरेशनला गेलो की खाली दुसरा माणूस येणार.

भावोजी: पलीकडच्या धक्क्यावरचा. चांगला आहे तो. शिस्तीचा माणूस.

मेहुणा: शिस्तीचा आहे. अगदी वेळेवर मूठ मिटतो. तसूभर आधी नाही, तसूभर नंतर नाही. आणि नियमाप्रमाणे ओझ्याजवळ उभा राहतो.

संशोधिका: म्हणजे तो बरोबर करेल, आणि...

मेहुणा: हो, बाई. तो बरोबरच करेल.

भावोजी: मी त्याला सांगेन. बाबा, जरा लवकर मिटत जा.

मेहुणा: किती लवकर? परवा पुरुषभर पुरत होतं. काल माझा अदमास चुकला आणि पेटीचा कोपरा दबला. तुम्हाला वाटलं फळी वाकडी होती. हे मी दुसऱ्याला कसं शिकवू? मलाच रोज सकाळी नव्याने कळतं.

भावोजी: आणि हे सगळं मनात असून तू मला आणलंस, आणि आल्या आल्या त्या खुर्चीवर बसून पुन्हा तेच करायला लागलास.

मेहुणा: मलाच कळलं नाही. उघडं पडावं म्हणून आणलं मीच, आणि झाकलंही मीच.

संशोधिका: मी नजरेचं चित्र बघितलं नसतं, तर ते सगळं उत्तम म्हणून ठेवून दिलं असतं. तुम्हाला शाबासकी देऊन घरी पाठवलं असतं. हे आत्ता माझ्या लक्षात येतंय.

भावोजी: बाई, मला एक सांगा. नियम-वचन बाजूला ठेवा. तुम्ही माझ्या हुकाखाली उभ्या राहाल?

संशोधिका: नाही, काका.

भावोजी: विचार न करता म्हणालात.

संशोधिका: विचार केला असता तरी तेच म्हटलं असतं.

भावोजी: मला दिव्यांचं काही कळत नाही. दिवे माझं काम नाही. माझं काम मूठ बघून थांबणं. ते करून बघू. मेहुण्या, पुढे ये. टेबलाच्या पलीकडे उभा राहा. समज, तू तो पलीकडच्या धक्क्यावरचा आहेस. दांडा या काळ्या खुणेवर आला की मूठ मिट. आधी नाही.

मेहुणा: नको, भावोजी.

भावोजी: उभा राहा. हे बघ, मी निघालो... थांबलो. कुठे आहे दांडा?

मेहुणा: खुणेवर आहे.

भावोजी: खुणेवर. बाई, बघा, अगदी खुणेवर.

संशोधिका: काका, मामांनी मूठ फार आधी मिटली. दांडा अर्ध्या वाटेवर होता.

भावोजी: पुन्हा. मेहुण्या, माझ्याशी खेळू नकोस. खुणेवर म्हणजे खुणेवर... थांबलो.

संशोधिका: पुन्हा आधीच.

मेहुणा: मला जमत नाही. तो येताना दिसतो आणि मूठ मिटते. मी धरून ठेवली तरी मिटते.

भावोजी: मग बाई, तुम्ही या. तुम्हाला माझी सवय नाही.

संशोधिका: मी?

भावोजी: त्याच्या जागी उभ्या राहा. हात असा, टेबलाच्या कडेशी, मला दिसेल असा. दांडा खुणेवर आला की मूठ मिटा. एवढंच, बाई.

संशोधिका: ठीक आहे. निघा.

भावोजी: निघालो... मिटलीत. दिसली. थांबलो. थांबलो ना? बोला कुणीतरी. मेहुण्या?

मेहुणा: खाली बघू नका, भावोजी.

भावोजी: कुठे आहे दांडा?

संशोधिका: माझ्या हाताला लागलाय, काका.

भावोजी: लागलं का तुम्हाला?

संशोधिका: थोडंसं. बोटांच्या सांध्यावर. काही नाही, हात मला बाजूला घेता आला असता. मला वाटलं थांबाल.

भावोजी: मी थांबलो होतो, बाई.

संशोधिका: हो.

भावोजी: तुमच्या हाताला लागलाय हे मला दिसतंय. आणि तरीही आतून कुणीतरी सांगतंय, मी थांबलो होतो. आत्ता, या घडीला सांगतंय. दोन्हीपैकी खरं कुठलं ते कळतं मला. पण वाटतं दुसरंच.

मेहुणा: भावोजी, असं करू. मी ऑपरेशन पुढे ढकलतो. एका डोळ्याने दिसतं मला. सहा महिने काढू, मग तुम्ही मानाने निवृत्त व्हा. कुणाला कळायचं नाही.

भावोजी: आणि एके सकाळी तुझा अदमास चुकला म्हणजे? पेटीचा कोपरा नाही, आणखी काही दबलं म्हणजे?

मेहुणा: मी जपेन.

भावोजी: तू काल जपत नव्हतास का?

संशोधिका: काका, डॉक्टरांशी बोला. मी आज सांगते त्यांना, तुमची हरकत नसेल तर. तोवर वर चढू नका. हे मी संशोधन म्हणून नाही सांगत.

मेहुणा: मग आठवड्याची रजा टाकू. अंगात कसकस आहे म्हणून सांगतो फोरमनला.

भावोजी: रजा संपते. रजा संपेपर्यंत माझी भीतीही संपलेली असेल. तुला नाही समजत? ही खोली कदाचित माझ्या लक्षात राहील. बाईंच्या हाताला लागलं हेही राहील. पण आत्ता वाटतेय ती धास्ती सोमवारपर्यंत राहणार नाही. सोमवारी आरशापुढे उभा राहीन आणि मला वाटेल, मी ठणठणीत आहे, मेहुणा उगाच बाऊ करतो. मग मी चढेन. म्हणून आत्ताच लाव फोन.

मेहुणा: कुणाला?

भावोजी: फोरमनला.

मेहुणा: मी काय सांगू त्याला?

भावोजी: तू काही सांगायचं नाहीस. तू फार सांगितलंस आजवर, हातांनी. लाव आणि माझ्याकडे दे.

मेहुणा: ताईला आधी विचारू.

भावोजी: ती रडेल आणि मी तिची समजूत काढीन. समजूत काढता काढता मलाच माझं पटेल. लाव.

मेहुणा: ...लागतोय. घ्या.

भावोजी: [फोनवर] फोरमनसाहेब, मी बोलतोय, क्रेनवरचा. हो, त्याच्याच फोनवरून... नाही, तो बरा आहे, त्याचा डोळा सोमवारी आहे. माझंच सांगायचंय. माझ्या केबिनची किल्ली काढून घ्या... भांडण नाही हो कुणाशी. ऐका तर खरं. मी थांबवायला जातो आणि ओझं थांबत नाही. मला मात्र वाटतं थांबलं... नाही, क्रेनमध्ये दोष नाही. तपासून घेतलंय, आत्ताच, डोळ्यांदेखत... हो, आजपर्यंत काही झालं नाही. ते माझ्यामुळे नाही. ते कुणामुळे, तुम्हाला नंतर सांगतो, आणि त्याला रागावू नका... फाटकावर बसवा, दोऱ्या मोजायला लावा, काय ते मागाहून ठरवू. पण एवढं एक नीट ऐकून ठेवा. सोमवारी मी किल्ली मागायला येईन. मला बरं वाटत असेल. मी हसून बोलेन, तुमची थट्टा करीन, जुन्या दिवसांच्या गोष्टी काढीन. मला काही झालेलं नाही हे मी तुम्हाला पटवून देईन, आणि तुम्हाला ते पटेल. तेव्हाही देऊ नका.

———

येथवर धीराने वाचत आलेल्या सर्व सुजाण वाचकांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
गोदीतील साखळीवाला, ज्यास सर्वजण पंडित म्हणतात